खिशातली किल्ली

माझ्या बाजूला स्टिअरिंग नसतं. फक्त एक ब्रेक असतो. पण त्या एका पेडलच्या जोरावर गेली बावीस वर्षं मी डॉक्टर, वकील, प्राध्यापक, कोणाकोणाला काय काय ऐकवलंय म्हणून सांगू! गाडी शिकवणाऱ्याचं असंच असतं. शिकणाऱ्याच्या पायाशी त्याचा ब्रेक, आणि माझ्या पायाशी माझा. माझ्या पेडलपासून एक वायर निघते ती आतून त्याच्या ब्रेकला जोडलेली. मी दाबलं की त्याचाही दाबला जातो आणि गाडी थांबते. एवढीच करामत.

तरी मी तो सहसा दाबत नाही. पाय ठेवून असते, डोळ्यांत तेल घालून समोर बघते, आणि आधी तोंड चालवते. बाईंनी ब्रेक मारला की शिकणाऱ्याचं अवसान जातं, मग तो आठवडाभर सुधारत नाही. माझ्या तोंडाने मात्र कोणाचं अवसान गेलेलं मी पाहिलं नाही. मिस्त्रींचं मत वेगळं आहे, पण त्यांना विचारतंय कोण!

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं, मग मीही तेच म्हणते. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसमागे पत्र्याची शेड आहे, तिथे ते गाड्या दुरुस्त करतात. माझ्या गाडीचा वार शनिवार. सकाळी सातला ते गाडीखाली शिरणार आणि तासाभराने काळेकुट्ट होऊन बाहेर येणार. बाकी काही राहिलं तर चालेल, पण माझ्या ब्रेकची वायर बघितल्याशिवाय ते उठत नसत.

आमच्या घरात एकच नियम कडक होता. गाडी तयार असली की किल्ली शेडच्या दारामागच्या खिळ्यावर. काम अर्धवट असलं की किल्ली मिस्त्रींच्या खिशात. खिशातल्या किल्लीला मी हात लावायचा नाही. आग लागली तरी नाही. संसारात आमची भांडणं कशावरून झाली नाहीत? पण किल्लीवरून कधी नाही.

काम झालं की मिस्त्री बोनेटवर एक थाप मारायचे आणि म्हणायचे, "माझं झालं. आता तू बघ."

लग्न नवीन होतं तेव्हा मी शेजारीच उभी होते. मी म्हटलं, "मी काय बघू?"

"तुला नाही म्हटलं," ते म्हणाले आणि हात पुसत निघून गेले.

देवाला म्हणत होते ते. त्यांचं देवाशी असं घरगुती होतं. ना मोठं बोलणं, ना काही मागणं. मला हसू यायचं. मी म्हणायचे, "गुडघे फोडून घेता तुम्ही, नट आवळता तुम्ही, आणि श्रेय त्याला?" ते म्हणायचे, "अगं, नट माझ्या हातात आहे, रस्ता कुठे आहे?" आणि मी म्हणायचे, "रस्ता माझ्या पायाखाली आहे. निघा, आंघोळ करा."

देवावर माझा राग नव्हता. पण भिस्त होती ती ब्रेकवर.

त्या शनिवारी मी ऑफिसात फॉर्म भरत बसले होते. चार दिवस मिस्त्रींचं पोट दुखत होतं. "गॅस झालाय," एवढंच पालुपद. मी म्हटलं डॉक्टरकडे चला, तर म्हणे सोमवारी बघू. नऊ वाजले तरी गाडीखालून बाहेर आले नाहीत, म्हणून मी तणतणत शेडमध्ये गेले. गाडीखालून त्यांचे बूट तेवढे दिसत होते.

मी त्या बुटांना धारेवर धरलं. "मिस्त्री, चहाचं पार पाणी झालं. दुखतंय म्हणता आणि थंड फरशीवर झोपता! डॉक्टर काय तुम्हाला खाणार आहे? तुमच्या वन्सं..." म्हणजे माझ्या नणंदबाई, त्यांची थोरली बहीण, "...तुमच्या ताई आल्या की सगळं सांगते त्यांना. मग बसा ऐकत." पाच मिनिटं मी बोलत होते. माझ्या बोलण्याला ते कधी उत्तर देत नाहीत, पण बूट हलवतात. डावा बूट हलला की 'ऐकतोय' असा अर्थ. त्या दिवशी बूट हलले नाहीत.

पाच मिनिटं मी माझ्या बेशुद्ध नवऱ्याच्या बुटांशी भांडत होते. हे मी अजून कोणाला धड सांगू शकत नाही.

अँब्युलन्समध्ये मला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. मागे मिस्त्री, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मध्येच शुद्धीवर येत होते, काहीतरी पुटपुटत होते. मी मागे वळून बघायचे आणि पुन्हा समोर. प्रत्येक वळणावर, प्रत्येक सिग्नलला माझा पाय आपोआप खाली जोरात दाबला जात होता. शेवटी तो ड्रायव्हर म्हणाला, "बाई, तिथे काही नाहीये. पाय दुखेल तुमचा."

मी त्याच्यावरही खेकसले.

अपेंडिक्स फुटलं होतं. चार दिवसांत विष रक्तात पसरलं होतं. ऑपरेशन केलं, पण फुप्फुसं थकली, म्हणून घशात नळी घालून मशीनवर ठेवलं आणि औषधाने झोपवून टाकलं. डॉक्टर तरुण होता, नीट समजावून सांगत होता. मी म्हटलं, "जगतील का ते सांगा." तो म्हणाला, "आत्ता काहीच सांगता येत नाही."

भेटायला सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास. बाकी वेळ कॉरिडॉरमधलं लोखंडी बाकडं. वन्सं पहिल्याच दिवशी थर्मास आणि शाल घेऊन आल्या त्या मुक्कामालाच. सत्तरीच्या आहेत, उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण डगमगत नाहीत. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसायच्या, ओठ हलत असायचे. मला ते बघवेना. मी फेऱ्या मारायचे. नर्स ट्रॉली कशी वळवते, वॉर्डबॉय स्ट्रेचर कसं रिव्हर्स घेतो, सगळ्यात मला चुका दिसायला लागल्या, आणि मी त्या बोलून दाखवायला लागले.

तिसऱ्या दिवशी वन्सं म्हणाल्या, "तू क्लास घ्यायला जा बाई. इथे बसलीस तर दवाखानाच बंद पाडशील."

"त्यांना असं टाकून?"

"मी आहे ना. आणि देव आहे."

"तो कुठे आहे ते मला दाखवा, म्हणजे मी निवांत जाते," मी म्हटलं. वन्संनी थर्मासमधला चहा पुढे केला. भांडायला दुसरी बाजू नसली की माझा फार कोंडमारा होतो.

अकरा जण शिकत होते, त्यातल्या काहींच्या परीक्षेच्या तारखा लागलेल्या. जाणं भाग होतं. दवाखान्याने मिस्त्रींचे कपडे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले होते. पँटच्या खिशात हात घातला, दोन नट आणि एक किल्ली निघाली. नट मी पर्समध्ये ठेवले, देवघरातल्या वस्तूसारखे जपून. किल्ली घेतली आणि गाडी काढली.

हो. खिशातली किल्ली. बावीस वर्षं पाळलेला नियम मला त्या क्षणी आठवलासुद्धा नाही.

पहिल्याच क्लासला पेडल जरा हलकं लागलं. म्हटलं, तीन दिवस बाकड्यावर बसून पायच बधिर झालाय.

त्या अकरा जणांत एक होत्या सॉरीबाई. नाव मी ठेवलेलं. वाचनालयात काम करायच्या, पन्नाशीच्या, अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. गाडी खांबाजवळून गेली तरी खांबाला सॉरी म्हणायच्या. एकदा गतिरोधकाला म्हणाल्या. चारदा नापास झाल्या होत्या, पण सोडत नव्हत्या, कारण आठवड्यातून दोनदा आईला उपचाराला न्यायचं असायचं आणि कोणापुढे हात पसरायचा त्यांना कंटाळा आला होता. मला त्यांचा फार राग यायचा आणि त्या न आल्या तर चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

क्लास पुन्हा सुरू झाला त्या दिवशी गाडीत बसताना त्या म्हणाल्या, "बाई, मिस्त्रींसाठी मी रोज देवाला सांगते हं."

"आधी आरसा नीट करा," मी म्हटलं.

असे दिवस चालले. सकाळी दवाखाना, मग क्लास, संध्याकाळी दवाखाना. मिस्त्री तसेच. मी त्यांच्या कानाशी दिवसभराचं सगळं सांगायचे, कोण कुठे चुकलं, कोणाला काय बोलले. मशीन त्यांची छाती वरखाली करायचं. हाताला ग्रीसचा वास यायचा बंद झाला होता, साबणाचा यायला लागला होता. तो वास मला मुळीच सहन होईना.

आमच्या शेजारच्या बाकड्यावर एक बाई असायच्या. त्यांचा तरुण मुलगा आत होता. त्याही वन्संसारख्याच डोळे मिटून बसायच्या. सतराव्या दिवशी तो गेला. त्या उठल्या, वन्संना मिठी मारली आणि त्यांचा डबा घेऊन निघून गेल्या. त्यांनीही मागितलंच होतं की! ह्याचं उत्तर मला तेव्हा सापडलं नाही, आजही नाही. कोणी सांगायला आलं तर मी ऐकून घेणार नाही.

एकोणिसाव्या दिवशी डॉक्टर म्हणाला, "फुप्फुसं साथ देत नाहीयेत. दोन दिवस बघू. पण मनाची तयारी ठेवा."

मी पार्किंगमध्ये गेले, गाडीत बसले, काचा वर केल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाशी बोलले. बोलले कसली, ओरडले. "तुझा पाय कुठे आहे रे? मी बावीस वर्षं लोकांच्या पोरीबाळींसाठी ब्रेकवर पाय ठेवून बसलेय. पापणी लवू देत नाही. एकाला खरचटू दिलं नाही. आणि तू? ज्याने जन्मभर 'आता तू बघ' म्हटलं, त्याच्याकडे तू बघतोयस तरी का? काय करतोस काय तू?" पलीकडच्या गाडीतला माणूस घाबरून उतरून गेला.

पाऊण तासाने सॉरीबाईंचा क्लास होता. मी डोळे पुसले आणि गेले.

त्या दिवशी त्यांना उतारावर नेलं. दुतर्फा इमारती, अरुंद रस्ता. अर्ध्या उतारावर असताना एका फाटकातून पाण्याचा टँकर मागे येत थेट रस्त्यावर आला. ना हॉर्न, ना माणूस. माझं तोंड उघडलं पण आवाज फुटला नाही. मी सगळ्या ताकदीनिशी पेडल दाबलं. गाडी करकचून थांबली. टँकरचा मागचा लोखंडी पाइप आमच्या काचेपासून वीतभर अंतरावर.

मग तोंड सुटलं. "दिसत नाही का तुम्हाला? माझा पाय नसता तर आज दोघींची चटणी झाली असती! कशावर भरवसा ठेवून चालवता हो?"

"सॉरी," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "मी पण दाबला होता हो."

"तुम्ही? तुम्ही हॉर्न दाबला असेल!"

आणि मला एकदम रडू फुटलं. टँकरचं नव्हे, सगळ्याचंच. शिकवणारी बाई शिकणाऱ्या बाईसमोर हमसून हमसून रडतेय. सॉरीबाईंनी माझ्याकडे बघितलं, इंडिकेटर दिला, आरसा बघितला आणि म्हणाल्या, "चला, मी तुम्हाला दवाखान्यात नेते."

"भर गर्दीतून? तुम्ही?"

"तुमचा पाय आहे ना ब्रेकवर."

त्यांनी खरंच नेलं. मी डोळ्यांना पदर लावलेला, रस्ता मला दिसतच नव्हता. पाय तेवढा पेडलवर. चौक आले, सिग्नल आले, बसगाड्या आल्या. मी एक शब्द बोलले नाही, आणि त्यांनी एका खांबाला सॉरी म्हटलं नाही. तेव्हा कुठे मी आतून दमले. भांडायचं त्राणच उरलं नाही. मी मनात म्हटलं, माझ्याच्याने आता होत नाही. डॉक्टरांचं करून झालं, माझं ओरडून झालं. तो माणूस तुझा आहे. माझाही आहे, पण आधी तुझा. आता तू बघ.

पहिल्यांदाच म्हटलं मी ते. म्हटल्यावर श्वास पोटापर्यंत गेला. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा.

त्या संध्याकाळी मशीनवरचे आकडे बदलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. मी वन्संशेजारी बसून राहिले, फेऱ्या मारल्या नाहीत. वन्संनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिला. एकविसाव्या दिवशी डॉक्टर बाहेर आला तो हसत. "मशीनचा जोर कमी केलाय. घेतायत श्वास. डोळे उघडलेत."

वन्सं बाकड्यावरून उठल्या त्या लहान मुलीसारख्या. मी भिंतीला टेकले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

मिस्त्री जागे होते, पण घशात नळी अजून तशीच, बोलता येत नव्हतं. हातात ताकद नव्हती. मला बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मी म्हटलं, "असू दे हो, असू दे. मी ठीक आहे. क्लासही चालू ठेवलेत. अकराच्या अकरा जण येतायत." त्यांचं पाणी आणखीच वाढलं. मला वाटलं, काय हा माणसाचा जीव माझ्यावर! जन्मात कधी बोलून दाखवलं नाही, आणि आता बघा.

नर्स म्हणाली, "उजवा पाय सारखा खाली दाबतात. चादर पार सरकून जाते."

"व्यायाम करत असतील," मी म्हटलं. "चांगलं आहे."

बाविसाव्या दिवशी सॉरीबाई पास झाल्या. परीक्षा घेणारे साहेब माझ्या जागेवर बसले, मी फुटपाथवर. पास झाल्याचा कागद हातात घेऊन त्या माझ्या गळ्यातच पडल्या. मी संध्याकाळी मिस्त्रींना सगळं रंगवून सांगितलं. "साहेब माझ्या ब्रेकवर पाय ठेवून ऐटीत बसलेले! आणि परवा माहितीय का, उतारावर टँकर आडवा आला, मी असा ब्रेक दाबला म्हणता..." मिस्त्रींनी डोळे गच्च मिटले. पाय पलंगाच्या कडेवर दाबला, पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. मशीन टिंग टिंग करायला लागलं आणि नर्सने मला बाहेर घालवलं.

तेविसाव्या दिवशी सकाळी नळी काढली. वन्सं एका बाजूला, मी दुसऱ्या. मी केस नीट करून गेले होते. इतक्या दिवसांनी बोलणार, काय बोलतील, कोणाचं नाव घेतील. मिस्त्रींनी माझी बाही पकडली. आवाज घोगरा, तुटका, पण शब्द न् शब्द स्पष्ट.

"गाडी... चालवू नकोस. तुझ्या ब्रेकला... वायर नाहीये. मी काढलीय."

मी त्यांच्या तोंडाजवळ कान नेला.

"नवी घालणार होतो. तेवढ्यात पोटात... किल्ली खिशात होती ना गं."

मी खाली गेले. जिना कसा उतरले आठवत नाही. पार्किंगमध्ये माझ्या बाजूचं दार उघडलं, जमिनीवर गुडघे टेकले आणि खालचा पाय-मॅट ओढून काढला. पेडलला एक स्प्रिंग होती. दाबलं की ते खाली जात होतं, सोडलं की वर येत होतं. मागे, जिथे वायर अडकवतात, तो हूक नुसताच. हाताने दहा वेळा दाबून पाहिलं. लहान मुलांच्या खेळण्यातलं बटण असावं तसं.

वीस दिवस. अकरा माणसं. उतार, चौक, बसगाड्या. साहेब. आणि तो टँकर.

टँकर सॉरीबाईंनी थांबवला होता. 'मी पण दाबला होता हो' म्हणाल्या होत्या. आणि मी म्हटलं होतं, हॉर्न दाबला असेल.

चारच दिवसांपूर्वी मी ह्याच गाडीत बसून, काचा लावून, ओरडून विचारलं होतं, तुझा पाय कुठे आहे? माझ्या पायाची फुशारकी मारत विचारलं होतं. आणि त्या क्षणी माझ्याच पायाखाली काही नव्हतं. मी तिथे जमिनीवर बसले आणि रडले, हसले, परत रडले. तो पलीकडच्या गाडीतला माणूस नेमका त्याच वेळी आला आणि आल्या पावली परत गेला. बिचारा.

वर गेले तेव्हा मिस्त्रींची नजर दाराकडेच लागलेली.

"कोणाला काही..."

"खरचटलंसुद्धा नाही," मी म्हटलं. "एकालाही नाही."

त्यांनी श्वास सोडला. मग थांबत थांबत बोलले. अँब्युलन्समध्ये शुद्ध आली तेव्हा त्यांना पहिलं आठवलं ते पेडल. मास्कमधून सांगायचा प्रयत्न केला, कोणाला कळेना. मग झोपवलं. डोळे उघडले तर तोंडात नळी, आणि मी समोर उभी राहून सांगतेय, क्लासला जाते हं.

"दोन दिवस... त्याच्याशिवाय कोणाशी बोलता येत नव्हतं मला," ते म्हणाले. "त्यालाच म्हणत होतो. तिच्या पायाखाली काही नाही रे. तू बघ. माझं काय व्हायचं ते होऊ दे, तिचं बघ."

"आणि मी तुमचं म्हणत होते," मी म्हटलं. वन्संनी माझा हात त्यांच्या हातात दिला आणि थर्मास धुवायला निघून गेल्या, दोन तास आल्या नाहीत.

गाडी त्या दिवसापासून दवाखान्याच्या पार्किंगमध्येच उभी राहिली, ती मिस्त्री घरी आले तेव्हाच शेडमध्ये परतली. संध्याकाळी मी सॉरीबाईंकडे रिक्षाने गेले. त्या आईला जेवू घालत होत्या. मी दारातच म्हटलं, "टँकर तुम्ही थांबवलात. मी नाही. मला तोंड दाखवायला जागा नाही. सॉरी." बावीस वर्षांत मी हा शब्द कोणाला म्हटलेला नव्हता. त्यांनी सगळं ऐकलं, पांढऱ्याफटक पडल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं हो मला माहीत नव्हतं. नाहीतर मी दवाखान्यापर्यंत नेलीच नसती." मग जरा लाजत, "म्हणजे मला येतं की."

"येतं," मी म्हटलं. "केव्हाच येत होतं."

साडेतीन महिने मी मिस्त्रींना शेडमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. दुसऱ्या मिस्त्रीकडून वायर घालून घेऊ म्हटलं तर ते जेवायचे बंद झाले. शेवटी डॉक्टरने होकार दिला त्या शनिवारी, सकाळी सातला, ते गाडीखाली शिरले. खाली मी दुहेरी सतरंजी घातली होती. आता आमच्या घरात नवा नियम आहे: मिस्त्रींनी गाडीखाली असताना गप्प राहायचं नाही. गाणं म्हणा, शिव्या द्या, पाढे म्हणा, काही म्हणा. त्या दिवशी ते पाढे म्हणत होते.

मी शेजारी स्टूल टाकून बसले होते, बुटांकडे बघत. सत्तावीस चोक अठ्ठ्याण्णव, असं खालून ऐकू आलं. मी म्हटलं, "एकशे आठ! आणि किती वेळ? चहाचं पाणी होतंय. पोटाला टाके पडलेत विसरलात का? वन्संना सांगू का?"

डावा बूट हलला.

माझे डोळे भरून आले, पण मी आवाज तसाच चढा ठेवला. ते म्हणाले, "बस आत. दाबून बघ." मी माझ्या जागेवर बसले आणि पेडल दाबलं. चांगलं जड लागलं. शिकणाऱ्याच्या बाजूचं पेडल आपोआप खाली गेलं.

"घट्ट आहे?" खालून आवाज आला.

"घट्ट आहे."

मी उतरले, पुढे आले आणि बोनेटवर एक थाप मारली.

"आमचं झालं," मी म्हटलं. "आता तू बघ."

गाडीखाली पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मिस्त्री म्हणाले, "मी काय बघू?"

"तुम्हाला नाही म्हटलं," मी म्हटलं. "या बाहेर. आणि ती किल्ली खिळ्याला लावा."